उचलले जाणे आधी, की आगमन एकच? ठरवणाऱ्यासाठी दोन वाचने शेजारी ठेवून

मंडळीत शिकलेला शेवटच्या काळाचा क्रम पवित्र शास्त्र स्वतः वाचताना जुळेनासा झाला, की बहुतेकांपुढे दोन वाटा उरतात. पहिली सर्वांच्या ओळखीची आहे : प्रभू मेघांपर्यंत येऊन मंडळीला उचलून नेईल, मग सात वर्षांचे महासंकट, मग उघड आगमन आणि यरुशलेमेतून हजार वर्षांचे राज्य. दुसरीत आगमन एकच आहे. त्याच वेळी सर्वांचे पुनरुत्थान आणि न्याय होतो, आणि प्रकटीकरणातली हजार वर्षे म्हणजे स्वर्गारोहणापासून आगमनापर्यंतचा, आज चालू असलेला काळ. एक मधली वाटही आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मांडणी किती जुनी यावरून निवाडा करू नये. पहिली मांडणी आजच्या रूपात १८३० च्या दशकापासून, जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून पसरली आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसहित बायबलमुळे घरोघरी गेली. दुसरीचा ठसठशीत मांडणारा ऑगस्टीन, म्हणजे पाचवे शतक. पण त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, जस्टिन आणि इरेनियस हे आरंभीच्या मंडळीचे लेखक पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची वाट पाहतच होते. त्यामुळे ‘आमचेच सर्वांत जुने’ हे दुसऱ्या बाजूलाही फारसे शोभत नाही.

पहिल्या वाचनाच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. इस्राएलाला दिलेली वचने ते जशीच्या तशी घेते, आणि रोमकरांस ११ वाचताना ही गंभीरता जाणवते. ‘प्रभू आजही येईल’ ही वाट पाहण्याची सवय त्या मंडळ्यांत जिवंत असते. प्रकटीकरण ३:२२ नंतर ‘मंडळी’ हा शब्द थेट २२:१६ ला येतो, हे त्यांचे निरीक्षणही अचूक आहे. मात्र मधल्या अध्यायांत ‘पवित्र जन’ आहेत (१३:७, १४:१२), आणि शब्द नसणे हाच पुरावा धरला तर चार शुभवर्तमानांपैकी तीनमध्येही तो शब्द नाही; फक्त मत्तयात आहे.

प्रकटीकरण ३:१० मधील ‘परीक्षाप्रसंगातून राखीन’ हे वचनही याच बाजूने पुढे केले जाते. मूळ ग्रीकमधली हीच शब्दजोडी नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी आहे, योहान १७:१५, आणि तिथे प्रभू म्हणतो की त्यांना जगातून काढून घे असे मी मागत नाही, तर त्यांना वाइटापासून राख. पौलाच्या एकाच पत्रात दोन गोष्टी शेजारी आहेत : संकटांसाठी आपण नेमलेले आहोत (१ थेस्सलनीकाकरांस ३:३), आणि देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमले नाही (५:९). संकट आणि देवाचा क्रोध एकच धरले, की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा कल ठरला ती. ती म्हणजे ‘सात वर्षे’. प्रकटीकरणाचे २२ अध्याय पेन्सिल घेऊन वाचा. बेचाळीस महिने सापडतील (११:२, १३:५), १२६० दिवस सापडतील (११:३, १२:६), ‘एक काळ, दोन काळ व अर्धा काळ’ सापडेल (१२:१४). सात वर्षे कुठेच नाहीत. थेस्सलनीकाकरांच्या पत्रांतही नाहीत, मत्तय २४ मध्येही नाहीत. हा आकडा दानीएल ९:२७ मधून येतो. तिथे सत्तर सप्तके (एक सप्तक म्हणजे सात वर्षे), म्हणजे ४९० वर्षे, मोजली आहेत. आकडा भविष्यात न्यायचा तर एकोणसत्तर सप्तके, म्हणजे ४८३ वर्षे, संपल्यावर घड्याळ थांबवावे लागते आणि शेवटचे सप्तक जवळजवळ दोन हजार वर्षे पुढे ढकलावे लागते. थांबलेला काळ मोजलेल्या काळाच्या चौपट होतो. शिवाय २७ व्या वचनातला ‘तो’ कोण, २६ व्या वचनातला छेदला गेलेला अभिषिक्त की येणारा अधिपती, यावर सगळी उभारणी टेकलेली आहे.

या खंडाच्या, म्हणजे मध्ये थांबलेल्या काळाच्या, बाजूने चांगला मुद्दाही आहे. नासरेथच्या सभास्थानात यशया ६१ वाचताना येशू ‘सूड घेण्याचा दिवस’ या शब्दांआधीच थांबला (लूक ४:१८-१९), म्हणजे भविष्यवाणीत मध्ये काळ जाऊ शकतो. मान्य. पण यशयाने वर्षे मोजून दिलेली नव्हती. दानीएलात मोजणी हाच निरोप आहे. आणि त्रास इथेच संपत नाही : हा खंड एकदा घेतला की प्रत्येक उताऱ्याला आधी विचारावे लागते, हे मंडळीसाठी की इस्राएलासाठी, उचलण्याविषयी की आगमनाविषयी? मत्तय २४:२९-३१ मध्ये ‘त्या दिवसांतील संकटानंतर’ निवडलेले गोळा केले जातात, तर ते निवडलेले आपण नव्हे असे सांगावे लागते. वचन वाचण्याआधी वर्गवारी करण्याचा हा कंटाळा मला दुसऱ्या वाचनात फार कमी जाणवला.

उचलण्याचे मुख्य वचन १ थेस्सलनीकाकरांस ४:१७. मराठी शास्त्रात तिथे ‘प्रभूला सामोरे होण्यासाठी’ असे शब्द आहेत आणि ते नेमके बसतात. तोच ग्रीक शब्द आणखी दोन ठिकाणी येतो : कन्या नवऱ्याला सामोऱ्या जातात (मत्तय २५:६), आणि रोममधले बंधू पौलाला वाटेवर सामोरे येतात (प्रेषितांची कृत्ये २८:१५). दोन्हीकडे सामोरे गेलेले लोक पाहुण्याला घेऊन परत आत येतात. आपल्याकडे सीमांतपूजनाला वधूपक्ष वेशीवर जातो तो वराला गावात आणायला. वराबरोबर त्याच्या गावी निघून जायला नव्हे. १७ व्या वचनात ‘मग स्वर्गात परत नेईल’ हे लिहिलेले नाही. ‘गावात आणील’ हेही लिहिलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण शब्दाचा झुकाव त्या बाजूला आहे. आणि तिथे आज्ञेची गर्जना, आद्यदूताची वाणी आणि तुतारी असताना ते आगमन गुप्त कसे म्हणावे?

दुसऱ्या वाचनाची कठीण जागा प्रकटीकरण २०:४-५ आहे. ‘जिवंत झाले’ हे क्रियापद दोन्ही वचनांत एकच. पहिले आत्मिक आणि दुसरे शारीरिक असे म्हणणे ओढूनताणून वाटते, आणि मधल्या वाटेचे (आगमन एकच, महासंकटानंतर, आणि मग हजार वर्षे) लोक इथेच बोट ठेवतात. त्यांचे वाचन इथे सरळ आहे. ज्याला ही एकच गाठ सुटत नाही त्याने त्या वाटेने जावे. सात वर्षांचा खंड तिलाही लागत नाही. सैतान ‘बांधलेला’ कसा, असाही प्रश्न येतो. तिथे ‘राष्ट्रांना ठकवू नये म्हणून’ हा हेतू वाचावा, आणि मत्तय १२:२९ मधला बांधलेला बलवान शेजारी ठेवावा. माझा कल टिकतो तो यहेज्केलामुळे : अध्याय ३९ मधली पक्ष्यांची मेजवानी प्रकटीकरण १९ मध्ये येते आणि त्याच लढाईतले शत्रू, गोग व मागोग, २० मध्ये. एकच लढाई दोनदा दाखवली असेल, तर १९ नंतर २० हा काळाचा क्रम राहत नाही. योहान ५:२८-२९ मध्येही कबरेतले सर्व एकाच घटकेला वाणी ऐकतात.

स्वतः तपासायचे असेल तर टीपा नसलेली प्रत घ्या. एकाच पानावर छापलेली टीप महिनाभरात वचनासारखी वाटू लागते. थेस्सलनीकाकरांची दोन्ही पत्रे, आठ अध्याय, १३६ वचने, एका बैठकीत वाचा. वहीत दोन रकाने करा : ‘वचनात आहे’ आणि ‘शिकलेल्या क्रमाच्या तक्त्यातून आणले’. मग मत्तय २४-२५, दानीएल ९, आणि सर्वांत शेवटी प्रकटीकरण २०. सुरुवात २० पासून केली तर बाकीचे सगळे त्याच्या मापाने कापले जाते. हीच चूक सर्वांत जास्त होते. मत्तय २४:४०-४१ मधले ‘एक घेतला जाईल’ हे उचलण्याचे वचन समजून लिहू नका. आधीच्याच वचनांत जलप्रलयाने ‘घेऊन गेलेले’ लोक न्यायात सापडलेले आहेत, आणि पहिल्या बाजूचे कित्येक जाणते शिक्षकही ते उचलण्याला लावत नाहीत.

मत बदलले तर आधी पाळकांशी एकट्याने बोला, शास्त्राभ्यासाच्या वर्गात नव्हे. आणि दफनविधीला १ थेस्सलनीकाकरांस ४ वाचले जाते तेव्हा हा वाद काढू नका. १८ वे वचन एकमेकांचे सांत्वन करायला सांगते, आणि मेलेले आधी उठतील, मग आपण सर्वदा प्रभूजवळ राहू, हे तिन्ही वाटांवर सारखेच आहे.