असिस्ट डॉट ऑर्ग : ट्रान्सफरवाल्यांनी आधी इथं डोकवा

कॅलिफोर्नियात दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जायचं असेल, तर कुणा सल्लागाराला डॉलर मोजण्याआधी ही साइट उघडा. अधिकृत आहे, फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. दिसायला मात्र रेल्वेच्या वेळापत्रकाइतकी रूक्ष.

आमची लेक कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात आहे. विषय अर्थशास्त्र, डोळा यूसी डेव्हिसवर, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसवर. साइटवर वर्ष, आपलं कॉलेज, जायचं विद्यापीठ आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडलं की दोन रकाने येतात. डावीकडे डेव्हिसला हवे असलेले कोर्स, उजवीकडे त्यांच्याऐवजी चालणारे डी अँझाचे. 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं, तर त्या विषयाला आपल्या कॉलेजात पर्याय नाही. 'अँड' आणि 'ऑर' नीट वाचा. गणितात बऱ्याचदा अख्खी मालिका 'अँड'ने जोडलेली असते, त्यातला एक कोर्स गाळून भागत नाही.

आमच्या घरातला वाद या तक्त्याने मिटवला. मी पॉलिटेक्निकवाली. आपल्याकडे डिप्लोमा पास झाल्याशिवाय इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला कोण उभं करतं? त्यामुळे लेक कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री न घेताच जाणार म्हटल्यावर सांगलीहून बाबांचा फोन आला, "अगं, अर्धवट सोडून कशी जाते ती? आणि घेतील तरी का?" घेतात, बाबा. यूसीला ती डिग्री लागतच नाही. 60 सेमिस्टर युनिट्स (क्रेडिट), म्हणजे डी अँझासारख्या क्वार्टरवाल्या, तिमाही सत्रांच्या कॉलेजात 90, ठरलेले कोर्स आणि गुण. बस्स.

सॅन होजे स्टेटसारख्या सीएसयूकडे, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसकडे, जाणाऱ्यांनी मात्र डिग्रीवर इतक्या सहज पाणी सोडू नये. 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' पुरी केली, तर सीएसयूत कुठे ना कुठे जागेची हमी असते. हवा तोच कॅम्पस मिळेल, असं नाही.

साइट काय करत नाही, तेही सांगते. प्रवेश मिळेल का, हे ती सांगत नाही. कोणता कोर्स कशाच्या जागी धरतील, एवढंच सांगते. हमी हवी असेल तर यूसीचा 'टॅग' (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी) अर्ज वेगळा भरायचा, 1 ते 30 सप्टेंबरमध्ये, तोही एकाच कॅम्पसला. डेव्हिस त्यात आहे. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो नाहीत. पोरं ऑक्टोबरात जागी होतात, तोवर ही खिडकी बंद झालेली असते. राज्याबाहेर जायचं असेल तर इथे वेळ घालवू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो पहिल्यांदा येणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते चटकन कळत नाही म्हणून. तक्त्याची पीडीएफ उतरवून घ्या, त्यावर वर्ष कोणतं आहे ते बघा आणि तीच घेऊन कॉलेजच्या काउन्सेलरकडे जा.