नवी पेठेतलं जुन्या रेकॉर्डचं दुकान, इथं अमेरिकेचं क्लासिकल पण मिळतं

सोलापूरच्या नवी पेठेत एका बोळात जुन्या रेकॉर्डचं बारकं दुकान आहे, बोर्ड वगैरे काही नाही, कापड दुकानाच्या शेजारचा जिना चढून वर जायचं. मी गेलेलो बाबूजींची भावगीतं शोधायला, पण काकांनी "ह्या खोक्याला कुणी हातच लावत नाही, बघा तुम्ही" म्हणून एक खोकं पुढं सरकवलं आणि त्यात अमेरिकन संगीतकार एरन कोपलंडची 'ॲपलाचियन स्प्रिंग' निघाली, बर्नस्टाईनच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रानं वाजवलेली, आणि तिच्या खाली चार्ल्स आईव्हजची 'थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड'. दोन्ही मिळून ७०० रुपये. त्यानंतर चारदा जाऊन आलोय.

सगळ्यात भारी म्हणजे घ्यायच्या आधी ऐकवतात. काका रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेनं धरतात, मधे बोट लागू देत नाहीत, मऊ फडक्यानं गोल गोल पुसतात, बारक्या ब्रशनं सुईवरची धूळ झटकतात आणि मग पंखा बंद करतात. सोलापूरच्या मार्चमध्ये पंखा बंद! पण बरोबर होतं त्यांचं, कारण कोपलंडची सुरुवात इतकी हळू आहे की एकटी क्लॅरिनेट येते आणि मग एकेक वाद्य येऊन मिळतं, पंख्याच्या घरघरीत ते गेलंच असतं. पुढं 'सिंपल गिफ्ट्स'ची चाल येते, शेकर नावाच्या साध्या राहणीच्या पंथातलं १८४८ चं गाणं, चार ओळींचं म्हणा ना, आणि कोपलंड ते फिरवून फिरवून एवढं मोठं करतो की अंगावर काटा येतो. हे मुळात मार्था ग्रॅहम ह्या नर्तकीच्या नाचासाठी फक्त १३ वाद्यांचं होतं, १९४४ ला वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये झालं आणि पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं.

अमेरिका म्हटलं की आपल्याला जॅझ नाहीतर पॉप आठवतं, क्लासिकल म्हणजे युरोपचं. तिथल्या लोकांनाही लई दिवस असंच वाटायचं. १८९२ ला द्वोर्झाक हा चेक संगीतकार न्यूयॉर्कला कॉन्झर्वेटरी म्हणजे संगीतशाळा चालवायला आला, तिथं हॅरी बर्ली नावाचा काळा विद्यार्थी त्याला स्पिरिच्युअल म्हणजे काळ्या गुलामांची भक्तिगीतं गाऊन दाखवायचा, गुलामीत राहिलेल्या आजोबांकडून शिकलेली गाणी, आणि द्वोर्झाकनं पेपरात सरळ सांगितलं की तुमचं संगीत ह्या गाण्यांवरच उभं राहील. घरचं सोनं परक्यानं दाखवावं लागलं.

आईव्हज तर मला आपलाच वाटला. वडील डॅनबरी गावचे बँडमास्तर, स्वतः हा विम्याचा धंदा करायचा आणि फावल्या वेळात संगीत लिहायचा. ह्या रेकॉर्डवरच्या दुसऱ्या भागात दोन बँड वेगवेगळ्या लयीत एकमेकांत घुसतात. गड्ड्याला म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेला काठ्यांच्या मिरवणुकीत एक बँड पुढं चाललेला असतो आणि मागनं दुसऱ्यांची हलगी येती, तेव्हा मधे उभं राहिलं की जे कानात होतं ना, अगदी तेच! काकांना हे सांगितलं तर त्यांनी तो भाग परत लावला, दोघंही गप्प ऐकत बसलो.

तक्रार एकच, आईव्हजच्या कव्हरला ओल लागलीय आणि दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी सुई उडी मारते. पण काकांनी ते आधीच दाखवलं आणि १०० रुपये कमी केले, म्हणजे ७०० हा कमी करूनचा भाव. जिना अंधारा आहे, वयस्कर माणसांना सांभाळून न्या.

ही रेकॉर्ड कुठनं येतात विचारलं तर म्हणाले भंगारवाल्याकडनं, घर रिकामं करताना लोक किलोवर घालतात. मला फ्लोरेन्स प्राईस ही अमेरिकन संगीतकार आठवली. १९३३ ला शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रानं तिची सिंफनी वाजवली, मोठ्या ऑर्केस्ट्रानं काळ्या बाईची सिंफनी वाजवायची ती पहिली वेळ, आणि तिच्या हातच्या लिखाणाचे गठ्ठे मिळाले कुठं तर २००९ ला इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात! व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशा रचना, होते त्यात. घर घेणाऱ्यांनी ते कागद जाळले असते तर?

तिचं काही मिळेल का विचारलंय. रेकॉर्ड अवघड आहे म्हणाले, सीडी बघतो. वहीत नाव लिहून घेतलंय, "फ्लोरन्स" असं, मी शेजारी "प्राईस" लिहून आलो.