विद्यापीठाचे वसतिगृह : राहायला चांगले, अभ्यासाला अडचणीचे

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात या वसतिगृहात राहिल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. स्वच्छता, पाणी आणि सुरक्षितता यांबाबत तक्रारीला जागा नाही, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही. मात्र विद्यार्थी जिथे शिकण्यासाठीच येऊन राहतो, ती जागा त्याच्या अभ्यासाला कितपत साथ देते, हे पाहू गेल्यास हे वसतिगृह बरेच कमी पडते.

सर्वांत मोठा दोष आवाजाचा. प्रत्येक मजल्यावरच्या स्वच्छतागृहाचे लोखंडी दार हात सुटताच आपटते आणि तो आवाज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शयनकक्षात रात्रीचा सरासरी आवाज ३० डेसिबलपेक्षा आणि अधूनमधून होणारा एखादा आवाज ४५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. इथे मात्र दाराच्या चौकटीला साधी रबरी पट्टी लावण्याचेही कुणाच्या मनात आलेले नाही. परीक्षेच्या आठवड्यात वॉर्डन शांततेचा नियम कटाक्षाने पाळायला लावतात, एरवी त्याकडे कुणी फिरकत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील विद्यार्थ्यांच्या झोपेचा जो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो त्याआधीच्या अनेक आठवड्यांतील झोपेचा कालावधी, दर्जा आणि नियमितपणा यांच्याशी. म्हणजे नियम आहे, पण तो लागू होईपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते.

वरच्या मजल्यावरच्या खोल्या दिवसभर तापतात आणि स्लॅबमधील उष्णता मध्यरात्रीपर्यंत उतरत नाही. बोस्टनमध्ये २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत केलेल्या पाहणीत वातानुकूलन नसलेल्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना सकाळच्या बौद्धिक चाचणीत उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला होता. तरुण, निरोगी मुलांना उकाडा सहज सोसतो, हा व्यवस्थापनाचा लाडका समज त्यामुळे टिकत नाही.

खोल्यांचे वाटप प्रवेश क्रमांकानुसार होते. अर्जात रक्तगट विचारतात, पण झोपण्याची वेळ किंवा अभ्यासाची सवय विचारत नाहीत. परिणामी पहाटे उठणारा आणि पहाटे झोपणारा एकाच ट्यूबलाइटखाली येतात. अमेरिकेतील बेरिया कॉलेजमधील एका संशोधनात, रूममेट व्हिडिओ गेम घेऊन आला की विद्यार्थ्याचा अभ्यासाचा वेळ आणि गुण दोन्ही घटल्याचे आढळले होते, आणि तिथे खोलीची जोडी चिठ्ठी टाकल्यासारखी ठरत असल्याने हा परिणाम योगायोगाचा म्हणता येत नाही. अर्जात दोन रकाने वाढवायला खर्च येत नाही.

अभ्यासिका मात्र खरोखर चांगली आहे: टेबलाच्या पृष्ठभागावर सावली न पाडणारे दिवे, पाठीला आधार देणाऱ्या खुर्च्या आणि बोलणाऱ्याला बाहेर काढण्याइतका खमका कर्मचारी. ती अकराला बंद होते, हे आणखी एक दुर्दैव.

प्रवेश घेणाऱ्यांनी शक्य असल्यास मधल्या मजल्यावरची, जिन्यापासून आणि स्वच्छतागृहापासून लांबची खोली मागावी आणि रूममेट बदलण्याचा अर्ज पहिल्याच महिन्यात करावा, कारण त्यानंतर तो स्वीकारत नाहीत.