लॅम्बर्ट टूलकिट: करार फुकट मिळतो, परिशिष्टं मात्र तुम्हालाच भरायची आहेत

कंपनी आणि विद्यापीठाचा एखादा विभाग एकत्र संशोधन करायचं ठरवतात तेव्हा विज्ञानावर एकमत लवकर होतं. मग मसुदा दोन्हीकडच्या वकिलांकडे जातो आणि महिनोन्महिने तिथेच फिरत राहतो. घोडं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं: निष्कर्ष कोणाच्या मालकीचे? ब्रिटनमध्ये रिचर्ड लॅम्बर्ट यांनी २००३ साली सरकारसाठी विद्यापीठ आणि उद्योग यांच्या संबंधांची पाहणी केली, तिच्यातही या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. त्यातूनच २००५ मध्ये लॅम्बर्ट टूलकिट हा नमुना करारांचा संच निघाला. २०१६ मध्ये तो सुधारला गेला. तिथल्या बौद्धिक संपदा कार्यालयामार्फत तो सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतो. वापरायची सक्ती कोणावर नाही.

मालकी आणि वापर या दोन गोष्टी वेगळ्या काढणं, हे या संचाचं सर्वांत मोठं काम. कंपनी म्हणते पेटंट आमच्या नावावर हवं. खोदून विचारलं तर तिला एवढंच हवं असतं, की आपलं उत्पादन विकताना कोणी अडवू नये आणि तेच तंत्र प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नये. विद्यापीठाला हवं असतं ते शोधनिबंध छापण्याचं, शिकवण्याचं आणि त्याच धाग्यावर पुढे काम करण्याचं स्वातंत्र्य. या गरजा एकमेकींच्या आड येतातच असं नाही. पेजरँकचं, म्हणजे गूगलच्या शोधनिकालांत पानांची क्रमवारी लावणाऱ्या तंत्राचं, पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होतं आणि गूगलकडे त्याचा अनन्य, म्हणजे इतर कोणाला न मिळणारा, परवाना होता. कंपनीचं काही अडलं नाही, आणि परवान्यापोटी मिळालेले शेअर विकून विद्यापीठाने सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळवले.

दोनच पक्ष असतील तर १ ते ५ क्रमांकांचे नमुने आहेत. पहिल्यात मालकी विद्यापीठाची, कंपनीला ठरावीक क्षेत्रात किंवा प्रदेशात वापराचा साधा परवाना. दुसऱ्यात मालकी विद्यापीठाचीच, पण कंपनीला पुढच्या परवान्यासाठी बोलणी करता येतात. तिसऱ्यात काही निष्कर्षांची मालकीच विकत घेण्यासाठी बोलणी करता येतात. चौथ्यात मालक कंपनी, विद्यापीठाला बिगर-व्यावसायिक वापराची मुभा. पाचवा म्हणजे सरळ कंत्राटी संशोधन: मालकी कंपनीची आणि तिच्या परवानगीशिवाय काहीही छापायचं नाही. शिवाय ४ए आहे, त्यात ज्याने जे निर्माण केलं ते त्याचं आणि दुसऱ्याला वापराचा परवाना. पक्ष दोनाहून जास्त असतील तर ए ते डी असे चार नमुने आहेत. यातलं काय निवडायचं ते सुचवणारी प्रश्नावलीही सोबत मिळते. ती दोन्ही बाजूंनी आधी आपापली भरावी आणि मग उत्तरं ताडून बघावीत. जिथे उत्तरं जुळत नाहीत तेवढ्यावरच बैठक घेतली तरी निम्मा वेळ वाचतो.

दुसरा आणि तिसरा नमुना आकर्षक वाटतो, पण त्यात एक मोठी फट आहे. ‘पुढे बोलणी करू’ एवढंच बंधन इंग्लंडच्या न्यायालयात टिकत नाही. वॉलफोर्ड विरुद्ध माइल्स या १९९२ च्या निकालापासून ही बाब पक्की झाली आहे. बोलणी फिसकटली तर दोन वर्षं पैसे देऊनही कंपनीच्या हाती पहिल्या नमुन्याइतकाच हक्क उरू शकतो. म्हणून बोलण्यांची मुदत, रॉयल्टीची किमान-कमाल मर्यादा आणि दर जमलाच नाही तर तो ठरवणारा तिऱ्हाईत तज्ज्ञ, या तिन्ही गोष्टी सुरुवातीलाच लिहून घ्याव्यात.

संयुक्त मालकी हा भांडण टाळण्याचा सोपा मार्ग वाटतो. तो टाळलेलाच बरा. अमेरिकेत पेटंटचा प्रत्येक सहमालक दुसऱ्याला न विचारता परवाना देऊ शकतो. ब्रिटनमध्ये दुसऱ्याची संमती लागते. म्हणजे एकाच शोधावर एका देशात प्रतिस्पर्ध्याला परवाना मिळेल आणि दुसऱ्या देशात सगळंच अडून बसेल. ४ए हा त्यातल्या त्यात स्वच्छ पर्याय आहे, मात्र कोणी काय केलं याची तारखेसह नोंदवही दोन्ही प्रयोगशाळांनी ठेवायला हवी.

प्रकाशनाचं कलम नीट वाचा, कारण कामं बिघडतात ती इथे. युरोपात पेटंट अर्जाआधी शोध उघड झाला तर नावीन्य संपतं, अमेरिकेसारखी वर्षभराची सवलत तिथे नाही. मसुद्यात दिवसांचे आकडे आपण भरायचे असतात. मजकूर ३० दिवस आधी दाखवणं आणि कंपनीने मागितल्यास प्रकाशन आणखी ६० ते ९० दिवस थांबवणं, हा व्यवहारात चालणारा हिशेब आहे. पहिला अर्ज दाखल करायला तेवढा वेळ पुरतो. याहून लांब रोखलं तर संशोधक विद्यार्थ्याचं नुकसान होतं. शोधनिबंध सगळ्यांच्या लक्षात असतो, पण घात करतो तो परिषदेचा सारांश: दोनशे शब्द, घाईत पाठवलेले, आणि परिषदेच्या कितीतरी आधी संकेतस्थळावर चढलेले. ‘प्रकाशन’ या शब्दाच्या व्याख्येत सारांश, पोस्टर आणि प्रबंध ही तिन्ही नावं घाला.

विद्यार्थ्यांची बाब याहून नाजूक. ब्रिटनमध्ये पीएचडीचा विद्यार्थी सहसा विद्यापीठाचा नोकर नसतो, त्यामुळे त्याचा शोध कायद्याने आपोआप विद्यापीठाचा होत नाही. त्याच्याकडून वेगळं हस्तांतरणपत्र हवं, आणि तेही काम सुरू होण्याआधी. त्या पत्रातल्या क्रियापदाचा काळही तपासा. ‘हस्तांतरित करायला मी सहमत आहे’ आणि ‘याद्वारे हस्तांतरित करत आहे’ या दोन वाक्यांतल्या फरकावर स्टॅनफर्डने अमेरिकेत एका एचआयव्ही चाचणीच्या पेटंटवरचा एकहाती हक्क गमावला. संशोधकाने विद्यापीठाला पहिल्या प्रकारचं वाक्य लिहून दिलं होतं आणि नंतर सीटस कंपनीत काम शिकायला गेल्यावर दुसऱ्या प्रकारचं. दुसरं सहीबरोबरच लागू झालं. सीटसचे ते हक्क पुढे रोश या औषध कंपनीकडे गेले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही विद्यापीठ हरलं. पाचव्या नमुन्यात तर विद्यार्थी घेऊच नयेत. प्रबंध बाहेरच्या परीक्षकासमोर मांडावा लागतो आणि त्याला कंपनीची परवानगी नसेल तर पदवीच अडकते.

या संचाची उणीव म्हणजे त्यातली रिकामी परिशिष्टं. कलमं पक्की आहेत, म्हणून लोक नावं आणि रक्कम भरून सही करतात आणि ‘पूर्वीची संपदा’ हे पान कोरं सोडतात. तिथे दोघांनी आणलेली प्रत्येक गोष्ट लिहायची: पेटंटचे क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, विदासंच (डेटासेट), प्रयोगाचे नमुने. ती यादी नसेल तर कंपनीचं जुनं तंत्र आणि प्रकल्पातलं नवं यांची सरमिसळ होते आणि नंतर ते कोणालाच सोडवता येत नाही. सॉफ्टवेअर असेल तर वापरलेल्या मुक्त स्रोत (ओपन सोर्स) भागांचे परवानेही नोंदवा. त्यातल्या जीपीएल या परवान्याखालचा एखादा भाग कोडमध्ये आला तर कंपनीला ते उत्पादन बंद स्वरूपात वितरित करता येत नाही. असं बहुधा कळतं ते विक्रीच्या तोंडावर.

प्रकल्प आराखड्यालाही तेवढाच वेळ द्या. टप्पा, तारीख, जबाबदार माणूस आणि हाती काय पडणार, हे चार रकाने पुरेसे आहेत. हप्ते अहवालांना जोडावेत, यशाला नाही: संशोधनात ‘हे तंत्र चालत नाही’ हाही निष्कर्ष असतो, आणि एका चुकीच्या यंत्रावरचा खर्च वाचला तर कंपनीसाठी तो मोलाचाच. खर्चात पगार आणि रसायनं येतात तसे यंत्रांचे तास आणि इमारत-प्रशासनाचा वाटाही येतो. तो वाटा कापून घेतला की काम उधारीवर चालतं आणि प्रयोगशाळा हळूच दुसऱ्या प्रकल्पाकडे वळते.

एकदाच एखाद्या पदार्थाचा नमुना तपासून घ्यायचा असेल किंवा तासाभराचा सल्ला हवा असेल तर हा संच जडच पडेल, त्याला साधं मागणीपत्र (पर्चेस ऑर्डर) पुरे. ब्रिटनबाहेर वापरायचा तर लागू कायदा, नोकरांच्या शोधांवरचा हक्क आणि कर ही कलमं आपल्या देशाच्या वकिलाकडून बदलून घ्यावी लागतील. बाकीचा सांगाडा सहसा टिकतो. मुख्य संशोधक मध्येच नोकरी सोडून गेला तर काय, याची सोय मसुद्यात आहे, पण तिथेही आपली भर हवी: बदली माणूस किती आठवड्यांत, तो कंपनीला मान्य नसेल तर करार किती दिवसांच्या नोटिशीने संपणार, आणि विद्यापीठाने आधीच मागवलेल्या साहित्याचे व नेमलेल्या सहायकाच्या उरलेल्या पगाराचे पैसे कोण देणार.