ट्रान्सफॉर्मर्स की मम्मी? सेंटोसातल्या एका दिवसात कुठली रांग धरावी

सिंगापूरला गेलेल्या बहुतेकांच्या वाट्याला सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओ या राइडच्या बागेसाठी एकच दिवस येतो, आणि त्यातले निम्मे तास रांगेत जातात. आम्ही गेलो तो शनिवार होता. दुपारी बाराच्या सुमारास ट्रान्सफॉर्मर्स या राइडच्या दारावर, रांगेची वेळ दाखवणाऱ्या फलकावर ८० मिनिटं लिहिलेलं होतं. आतली राइड पाच मिनिटांच्या आत संपते. तेव्हा घरी परतल्यावर कुणी विचारलं, "कुठली राइड करू?" तर मी आधी विचारते, "बरोबर कोण आहे आणि फलकावर किती मिनिटं दिसतायत?" या दोन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

सिनेमावर बेतलेल्या तिथल्या राइडपैकी मी इथे तीन मोठ्या घेते: ट्रान्सफॉर्मर्स, रिव्हेंज ऑफ द मम्मी आणि ज्युरासिक पार्क रॅपिड्स. बॅटलस्टार गॅलॅक्टिकाचे निळे-लाल उंच रूळ लांबूनच नजरेत भरतात, पण ती राइड टीव्ही मालिकेवरची आहे आणि सिनेमाशी तिचा संबंध नाही, म्हणून ती इथे घेत नाही. माझं मत आधीच सांगते. अंगाला झेपत असेल तर मम्मी चुकवू नका. ट्रान्सफॉर्मर्सचं मात्र रांग बघून ठरवा.

ट्रान्सफॉर्मर्सबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, तो आधी दूर करायला हवा. हा रोलर कोस्टर नाही. रुळावरून फिरणारी १२ जणांची गाडी असते, चार-चारच्या तीन ओळींची. गाडी स्वतः फार वेगाने धावत नाही. ती वळते, झुकते, हिसके देते, मागे सरकते, आणि एकेका प्रचंड पडद्यासमोर येऊन थांबते. काही पडदे १८ मीटर उंचीचे आहेत. डोळ्यांवर थ्रीडी चष्मा असतो. पडद्यावर शहर कोसळत असतं, गाडी त्याच क्षणी त्याच बाजूला कलते आणि तोंडावर गरम हवेचा झोत येतो. आपण कित्येक मजले खाली पडलो असं वाटतं, प्रत्यक्षात गाडी जेमतेम हातभर हललेली असते. पडद्यावरचं चित्र चालत्या गाडीतल्या माणसाच्या नजरेचा हिशेब करून बनवलेलं आहे, त्यामुळे गाडी पुढे सरकली तरी इमारतींच्या कडा वाकड्या दिसत नाहीत. ही चित्रं चित्रपटांचे इफेक्ट्स करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने केली आहेत, आणि ऑप्टिमस प्राइम या नायक रोबोटाचा आवाज चित्रपटांत तो देणाऱ्या पीटर कलन यांचाच आहे. ही राइड जगात सर्वात आधी सिंगापूरला सुरू झाली, डिसेंबर २०११ मध्ये. अमेरिकेतल्या युनिव्हर्सलच्या बागांपैकी हॉलिवूडला ती २०१२ मध्ये आली आणि ऑर्लँडोला २०१३ मध्ये.

मला यातली सर्वात सुंदर गोष्ट दुसऱ्यांदा बसल्यावर कळली. मध्येच एका पडद्यासमोर गाडी जरा रेंगाळते. समोर मारामारी एवढी जोरात चाललेली असते की तेवढ्या वेळात अख्खी गाडी लिफ्टने वरच्या मजल्यावर गेली हे लक्षातच येत नाही. इमारत दोन मजल्यांची आहे आणि राइडचा पुढचा भाग वर होतो. पहिल्या वेळी मला याचा पत्ताही लागला नव्हता. ही कारागिरी मला मनापासून आवडते. पण ती कळायला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, आणि एकदाच जाणाऱ्याला शेवटी पडदाच दिसतो. चांगला पडदा आहे, पण पडदाच.

मम्मीचं सगळं उलट आहे, तो खराखुरा रोलर कोस्टर आहे. बाहेर प्राचीन इजिप्तचा देखावा आहे, कोल्ह्याच्या तोंडाच्या अनुबिस देवाचे उंच पुतळे उभे आहेत, आणि रांग थडग्याच्या काळोख्या बोळांतून पुढे सरकते. ही रांगसुद्धा बघण्यासारखी आहे. भिंतींवरची चित्रलिपी, मंद दिवे, थंडावा. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर आवाज आपोआप खाली येतात. मग गाडीत बसलात की सुरुवातीला हळूहळू, खजिना दाखवत, गोष्ट सांगत नेतात. थोडं पुढे गेल्यावर गाडी एका भिंतीसमोर थांबते. पुढे रस्ताच नाही. भिंतीतून किडे बाहेर पडू लागतात. त्या दोन-चार सेकंदांत गाडीतलं कुणी बोलत नाही. शेजारची अनोळखी बाई माझा हात धरून बसली होती, हे मला राइड संपल्यावर उमगलं. मग गाडी मागे जाते. पाठ पुढे, तोंड मागे, डोळ्यांपुढे काळोख. पोटात गोळा येतो तो इथे. त्यानंतर विद्युतचुंबकीय मोटर गाडीला एका झटक्यात पुढे फेकते. साखळीने खडखडत वर नेणारा चढ नाही, त्यामुळे "आता पडणार" म्हणून तयारी करायला सवडच मिळत नाही.

उंचीने किंवा वेगाने हा कोस्टर फार मोठा नाही. उलटी गिरकी एकही नाही. तरीही तो मोठमोठ्या कोस्टरांपेक्षा लक्षात राहतो, कारण अंधारात पुढचं वळण दिसत नाही आणि शरीर सावरून बसू शकत नाही. शिवाय इथे वारा खरा असतो आणि पडणंही खरं असतं. मोबाइलवर, टीव्हीवर, चांगल्या थिएटरात जे मिळूच शकत नाही ते इथे मिळतं, आणि माझ्या लेखी रांगेतल्या तासाचं मोल त्यानेच ठरतं.

आता मळमळीचा मुद्दा. घाटात गाडी लागणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. डोळे म्हणतात आपण धावतोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो नाही, या भांडणातून मळमळ होते. ट्रान्सफॉर्मर्स नेमकं हेच भांडण लावून देते. म्हणून "मला कोस्टरची भीती वाटते, मी आपली थ्रीडीवाली करते" असं म्हणून गेलेली माणसं कधीकधी पांढरीफटक पडून बाहेर येतात. मम्मीत डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात, कारण शरीर खरोखरच हलत असतं. तरी मागे जाणारा भाग काहींना त्रास देतोच. ट्रान्सफॉर्मर्समध्ये त्रास व्हायला लागला तर चष्मा काढू नका, कारण चष्म्याशिवाय चित्र दुहेरी दिसतं आणि मळमळ वाढते. डोळे मिटा. गाडीची स्वतःची हालचाल कमी असल्याने मिनिटभरात बरं वाटतं. मम्मीत डोळे मिटून काहीच सुटका नाही. पाठीचं दुखणं, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर दोन्हींच्या दारावर मनाईची पाटी आहे आणि ती मनावर घ्या.

मुलं बरोबर असतील तर निर्णय बऱ्याचदा मोजपट्टीच करते. ट्रान्सफॉर्मर्सला किमान १०२ सेंटिमीटर उंची लागते आणि १२२ च्या आतल्या मुलाबरोबर मोठं माणूस हवं. मम्मीला सरळ १२२. आमच्याबरोबर माझा आठ वर्षांचा भाचा होता, ११९ सेंटिमीटरचा. मम्मीच्या दाराशी तो पट्टीला पाठ लावून, मान ताणून उभा राहिला. तिथल्या मुलीने त्याच्या टाचा हलकेच खाली दाबल्या, पट्टीकडे पाहिलं आणि गुडघ्यावर बसून त्याला समजावलं. तो रडला नाही, पण पुढचा अर्धा तास बोललाही नाही. असं होऊ द्यायचं नसेल तर घरूनच भिंतीला उभं करून उंची मोजून निघा, आणि कमी भरत असेल तर मुलाला आधीच सांगून ठेवा. त्याच दुपारी ट्रान्सफॉर्मर्सने त्याचा दिवस भरून काढला. ती ८० मिनिटं मी त्याच्याबरोबर उभी राहिले आणि एकही मिनिट वाया गेलं असं मला वाटत नाही. १०२ ते १२२ या टप्प्यातलं, रोबोटांचं वेड असलेलं मूल घरात असेल तर माझी वरची सगळी तुलना बाजूला ठेवा आणि ट्रान्सफॉर्मर्सच करा. लहान मूल बाहेर ठेवून आई-बाबांनी आळीपाळीने बसायचं असेल तर रांगेत शिरण्याआधी दारावरच्या कर्मचाऱ्यांना विचारा, म्हणजे दोघांना दोनदा रांग लावावी लागणार नाही.

सिनेमे पाहिलेले नसतील तर? मम्मीला काहीही अडत नाही. शापित थडगं आणि त्यातून सुटका, एवढं कुणालाही कळतं. ट्रान्सफॉर्मर्समध्ये मात्र कोण आपल्या बाजूचं आणि कोण विरोधी हे माहीत नसेल तर धातूचे तुकडे एकमेकांवर आदळताना दिसतात आणि पात्रं वेगळी ओळखू येत नाहीत. रांगेतल्या पडद्यांवर कथा सांगतात, म्हणजे ऑलस्पार्क नावाची वस्तू शत्रूच्या हाती पडू द्यायची नाही आणि आपली गाडीच एक रोबोट आहे वगैरे. तेवढं लक्ष देऊन ऐका, खूप फरक पडतो. आजी-आजोबा हौसेने आले असतील तर त्यांना रांगेतच हे सांगून ठेवा.

रॅपिड्सबद्दल थोडक्यात. गोल तराफ्यातून नदीवरची सफर, दोन्ही काठांना डायनोसॉर, आणि शेवटी एका अंधाऱ्या इमारतीत तराफा लिफ्टने वर जातो आणि तिथून बाहेर पाण्यात आपटतो. किमान उंची १०७ सेंटिमीटर, १२२ च्या आत असेल तर मोठं माणूस बरोबर. तिन्हींपैकी कुटुंबाने समोरासमोर तोंड करून बसायची ही एकच राइड आहे, आणि एकमेकांचे चेहरे बघण्यातच तिची अर्धी मजा आहे. पण चिंब भिजायला होतं, आणि ती उघड्यावर आहे. सिंगापुरात दुपारी विजांसह पाऊस नेहमीचाच. विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात आणि सगळी गर्दी छपराखालच्या मम्मी आणि ट्रान्सफॉर्मर्सकडे वळते. आकाश भरून आलेलं दिसलं की त्या दोनपैकी राहिलेल्या राइडची रांग लगेच धरा, पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका.

आता माझे आकडे, स्वतःपुरते ठरवलेले. मम्मीसाठी मी ६० मिनिटं थांबेन, ट्रान्सफॉर्मर्ससाठी ४०, रॅपिड्ससाठी ३०. पुढेमागे ऑर्लँडोला किंवा हॉलिवूडला जायचं पक्कं असेल तर ट्रान्सफॉर्मर्स तिथे आहेच, इथे सोडली तरी चालेल. मम्मीचं तसं नाही. तिन्ही ठिकाणच्या मम्मी अगदी सारख्या नाहीत. जास्त पैसे देऊन छोट्या रांगेतून आत सोडणाऱ्या एक्सप्रेस पासचा विचार गर्दीच्या दिवशी जरूर करा, पण आधी सिंगल रायडरची रांग कुठे आहे ते बघा. ती रिकाम्या राहिलेल्या एकेका सीटवर एकट्या माणसांना बसवते. घरच्यांपासून वेगळं बसावं लागतं, पण मम्मीच्या अंधारात शेजारी कोण आहे ते तसंही दिसत नाही. लहान मुलांसाठी हा मार्ग नाही.

बाग तळ्याभोवती वर्तुळात आहे. दारातून शिरल्यावर न्यू यॉर्क नावाच्या विभागाच्या बाजूने निघालात तर आधी ट्रान्सफॉर्मर्स लागते, मग मम्मी, मग रॅपिड्स. गेट उघडताच आत शिरलात तर त्याच क्रमाने जा. पहिल्या तासात ट्रान्सफॉर्मर्सची रांग माझ्या ४० मिनिटांच्या खूप आत असते, आणि ओल्या कपड्यांनी मम्मीच्या थंडगार बोळात कुडकुडत उभं राहायची वेळ येत नाही. मम्मीला पाठीवरची पिशवीच काय, खिशातला सुटा मोबाइलही आत नेऊ देत नाहीत. शेजारच्या लॉकरची फुकट वेळ मर्यादित असते, तेव्हा आधी रांगेचा फलक वाचा आणि मगच लॉकर लावा.