पक्षी बघायचा ट्रायपॉड आणि माझे गेलेले २०,०९५ रुपये

'कॅमेऱ्याचं जुनं दुकान बंद होतंय, स्टॉक संपेपर्यंतच' अशी ट्रायपॉडची जाहिरात मोबाईलवर आली तर तिच्यावर बोटसुद्धा ठेवू नका. माझे २०,०९५ रुपये गेलेत. ट्रायपॉड ८,४९९, दुर्बिणीचा अडॅप्टर १,२९९, परतीच्या पिकअपचे ४९९, आणि शेवटी रिफंड देतो म्हणून माझ्याच खात्यातून पुन्हा ९,७९८. एक रुपया परत आलेला नाही.

न बघता घेतलं असेल, असं कुणी म्हणायच्या आधीच सांगते. माझ्या वडिलांचे, अण्णांचे, हात आता थरथरतात. आयुष्यभर पक्षी बघितलेला माणूस, पण १० बाय ४२ ची दुर्बीण त्यांना स्थिर धरवत नाही. दहापट मोठं दिसतं तेव्हा हाताचा कंपही दहापट दिसतो. नांदूर मधमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावर लोक 'ते बघा क्रौंच' म्हणतात आणि अण्णा दुर्बीण खाली ठेवतात. म्हणून त्यांच्यासाठी ६५ मिलिमीटर भिंगाचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, घेतला होता. वीस ते साठपट झूम. तो हातात धरून बघायची वस्तूच नाही, खाली ट्रायपॉड हवाच.

तो निवडण्यासाठी मी व्यवस्थित अभ्यास केला होता. ट्रायपॉडच्या माथ्यावर स्कोप बसवायचा जो भाग असतो तो हेड. फोटोवाले वापरतात तो बॉल हेड, गोळ्यावर सगळीकडे फिरणारा, स्कोपला चालत नाही. सैल केला की स्कोप नाकावर आपटतो, घट्ट केला की उडता पक्षी हातचा जातो. फ्लुइड हेड हवा: आडवी आणि उभी हालचाल वेगवेगळी, आत दाट वंगणाचा अवरोध, सोडाल तिथे थांबणारा, लांब हँडलचा. वरची प्लेट पुढेमागे सरकणारी हवी, म्हणजे स्कोपचा तोल साधता येतो. दुर्बिणीला पुढच्या बाजूला, बिजागरीच्या टोकाशी, एक टोपी असते. ती फिरवून काढली की आत पाव इंची स्क्रूचं भोक असतं, तिथे एल आकाराचा अडॅप्टर बसतो. सगळ्याच दुर्बिणींना ते भोक नसतं, आधी तपासा.

हे सगळं त्या पानावर होतं. फ्लुइड हेड, सरकती प्लेट, अडॅप्टरचा स्क्रू पाव इंची, ट्रायपॉडचा वरचा तीन अष्टमांश, पायांना कार्बन फायबर, बारा किलो भार, हेडसकट वजन २.३ किलो. जाणकाराचा मजकूर उचलून चिकटवला होता, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, इतकं नेमकं लिहिणारा दुकानदार पक्ष्यांच्या मागे फिरलेला असणार. किंमत कमी होती हे मलाही दिसत होतं. पण दुकान बंद करणारा माणूस माल पडेल त्या भावाला काढतोच की! आधी पैसे भरले तर पाच टक्के सूट, असंही होतं. ती सूट शेवटी लागलीच नाही, पूर्ण ९,७९८ कापले गेले. (घरी आल्यावर पैसे द्यायची सोय नसेल तर तिथूनच मागे फिरा.)

आता ज्या क्षणाचा मला सर्वांत जास्त संताप येतो तो सांगते. पार्सल निघालं आणि कुरिअरचा मेसेज आला. त्यात वजन होतं ०.९ किलो. पानावर २.३ किलो आणि पार्सल खोक्यासकट ०.९! मी तो आकडा वाचला. दोनदा वाचला. कार्यालयात टेबलाशी बसले होते, समोर माणसं होती. मनात आलं, कुरिअरचे पैसे वाचवायला दुकानदारानं वजन कमी लिहिलं असेल. लोक असं करतात, हे मी ऐकलेलं आहे. वस्तू २.३ किलोची असेल तर पार्सल ०.९ चं होऊच शकत नाही, एवढं साधं गणित समोर होतं, आणि त्याला उत्तरही मीच देऊन टाकलं. तेव्हाच बँकेला फोन केला असता, पार्सल दारातून परत पाठवलं असतं, तर पुढचे १०,२९७ तरी वाचले असते. आजही रात्री तो आकडा डोळ्यांसमोर येतो.

खोकं उघडल्यावर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पायांवरची कार्बनची वीण म्हणजे छापलेला कागद, नखाने सोलून निघाला. हेड प्लास्टिकचा, 'फ्लुइड' हा शब्द वर चिकटवलेला. स्कोप लावायची हिंमत झाली नाही, म्हणून एक किलो साखरेची पिशवी बांधून हँडल सोडलं. हेड सरळ मान टाकून खाली गेला. तुम्हीही नवा ट्रायपॉड आला की हीच परीक्षा घ्या, आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा. माझ्याकडे तो नव्हता.

पार्सलमधल्या चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन केला. स्वच्छ मराठी, अतिशय नम्र आवाज. ऑर्डर क्रमांक, रक्कम, माझा पत्ता, सगळं त्याला पाठ. 'ताई, चुकीचा माल आलाय, परतीच्या पिकअपचे ४९९ भरा, तेही परत मिळतील.' भरले. मग क्यूआर पाठवला, 'स्कॅन करा, रिफंड जमा होईल.' पिन टाकला आणि ९,७९८ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत आहे, माझ्या आईलाही माहीत आहे. पण रक्कम पैशापर्यंत माझ्या ऑर्डरचीच होती आणि बोलणारा माझ्याच दुकानाचा माणूस होता. अनोळखी माणसाच्या फोनला भुलणं वेगळं आणि हे वेगळं. 'सिस्टिम एरर, पुन्हा एकदा स्कॅन करा' म्हणाला तेव्हा फोन कापला.

त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करून तक्रार नोंदवली. तुम्हीही पहिलं काम तेच करा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आला तर येतो. त्यानंतर जे सुरू झालं त्याचा राग मला त्या भामट्यापेक्षा जास्त आहे.

बँकेतला साहेब म्हणाला, पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. लेखी द्या म्हटलं तर देईना. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.' मी म्हटलं, साहेब, ४९९ आणि दुसरे ९,७९८ कुठल्या वस्तूचे? त्यावर, 'नंबर दुसऱ्या राज्यातला आहे, आमच्या हद्दीत येत नाही.' मग सायबर कक्ष. तिथे सांगितलं, रक्कम लहान आहे, आधी ठाण्याचं पत्र आणा. ठाणं म्हणतं, सायबर कक्षाकडे जा. आणि मधल्या बाकावर बसलेला एक जण सगळ्यांसमोर विचारतो, 'एवढ्या शिकलेल्या बाई, आणि पक्षी बघायच्या स्टँडला एवढे पैसे?' माझ्या वडिलांना काय बघावंसं वाटतं याचा हिशेब मी त्याला का द्यावा? चोराला कुणी विचारायला गेलं का?

हद्दीचं कारण कुणी दिलं तर ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. फसवून पैसे काढून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतं. मी हे कागदावर छापून नेलं, तेव्हा कुठे अर्जावर शिक्का मिळाला. शिक्काच, एफआयआर नाही. म्हणून अर्ज आता पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवला आहे, त्याच कलमात ती सोय आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, शुल्क लागत नाही. माझी तक्रार तिथे आहे. वस्तूपुरती तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला.

आणि ट्रायपॉड घ्यायचाच असेल तर आपला स्कोप बरोबर घेऊन दुकानात जा, लावून बघा. मधला खांब वर न काढता डोळ्यापर्यंत येतो का, हेही तिथेच बघा. खांब वर काढला की सगळं थरथरतं.

ते पान बंद झालंय. पण तेच फोटो, तोच २.३ किलोचा मजकूर, दुसऱ्या नावाने परवा पुन्हा दिसला. किंमत आता ७,९९९. कुणी तिथून मागवलं असेल तर कुरिअरच्या मेसेजमधलं वजन आजच तपासा, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पार्सल घेऊ नका. आधीच पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार नोंदवा आणि मला कळवा. एकाच खात्याविरुद्ध चार अर्ज एकदम गेले तर 'रक्कम लहान आहे' म्हणणं त्यांना जड जाईल.