भाकरी, इसबगोल की प्रोबायोटिकची बाटली?

गेल्या वर्षी माझ्या मामांच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली आणि घरात जो तो पोटाबद्दल बोलू लागला. आहारात चोथा (फायबर) हवा, हे सगळ्यांना पटलं. पोटासाठी नेमकं काय घ्यायचं, यावर मात्र एकमत होईना. मामी इसबगोल घेऊन आल्या, मामेभावाने फ्रिजमध्ये प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणू घातलेल्या पेयाच्या, बाटल्या ओळीने लावल्या. मी भाकरीच्या बाजूची. तुमच्याही घरी हाच प्रश्न असेल, तर माझं म्हणणं ऐका.

इसबगोल पाण्यात फुगतं, मल मऊ करतं. बद्धकोष्ठतेवर ते खरंच चांगलं, कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतं. पण आतड्यातले जिवाणू ते फारसं आंबवत नाहीत. युरोपातली एक चाचणी 2000 साली प्रसिद्ध झाली. आधी पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठी, ज्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होऊ शकतो) निघालेल्यांना तीन वर्षं रोज 3.5 ग्रॅम इसबगोल दिलं होतं. नवे पॉलिप कमी झाले नाहीत, उलट थोडे जास्तच दिसले. एका चाचणीवरून घाबरून जाऊ नये, पण कर्करोग टाळायला म्हणून इसबगोल घेण्यात अर्थ नाही.

ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, मैद्यात तीन ग्रॅमही नाही. दोन भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि पालेभाजी एवढ्यात दिवसाच्या 25-30 ग्रॅमपैकी निम्मा तरी भागतो. हा चोथा जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. शिळ्या भाकरीत न पचणारा स्टार्च वाढतो, तोही या जिवाणूंच्याच वाट्याला जातो. ताकात कुस्करून खाणाऱ्या आजीचं बरोबरच होतं! अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर रोजच्या दर 10 ग्रॅम चोथ्यामागे या कर्करोगाचा धोका सुमारे 10 टक्के कमी आढळतो. अशा अभ्यासांत माणसाच्या बाकीच्या सवयीही मिसळलेल्या असतात, म्हणून याला हमी समजू नका.

बाटलीचं थोडक्यात सांगते. कर्करोग टळतो असा पुरावा नाही, साखर बघून घ्या. घरच्या विरजणाचं ताक स्वस्त पडतं आणि कॅल्शियमही मिळतं. दूध-दह्यातल्या कॅल्शियमचा या बाबतीत फायदा दिसलेला आहे.

ताटातून काय काढायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये सॉसेज, सलामी, बेकन यांना कर्करोगकारक ठरवलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्के वाढतो. मटण 'बहुधा कर्करोगकारक' या गटात आहे. दारू आणि सुटलेलं पोट यांनीही धोका वाढतो.

मामांनी आठ महिने शौचातून पडणारं रक्त मूळव्याध समजून अंगावर काढलं. तसं होत असेल तर आहाराचा विचार नंतर, आधी डॉक्टर. नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा आतडं अरुंद असेल, तर चोथा किती घ्यायचा हेही डॉक्टरच सांगतील. बाकीच्यांनी आठवड्याला थोडा थोडा वाढवावा, पाणी भरपूर प्यावं, नाहीतर पोट फुगतं. भाकरी थापायला वेळ नसेल, तर पुण्यात पोळीभाजी केंद्रांवर ज्वारीची गरम भाकरी मिळते. मामा आता संध्याकाळी तिथूनच घेऊन येतात. इसबगोलाचा डबा कपाटात आहे, पोट साफ न होण्याच्या दिवसांसाठी.